प्रवासी आसनाचा पाया भक्कम हवा

मूळच्या मालवाहू व्हॅनमध्ये बाके बसवून माणसे अथवा शाळेतील मुले नेण्याचा प्रघात काही ठिकाणी आढळतो. बाक हलत नाही, एवढ्यावरच समाधान मानले जाते. परंतु आसनाची खरी कसोटी अपघाताच्या क्षणी लागते.

ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन एक दशांश सेकंदात थांबले, तर ६० किलो वजनाच्या प्रवाशाला रोखून धरण्यास सुमारे ८५० किलो भाराइतका जोर लागतो. पट्टा आसनालाच जोडलेला असल्यास हा सर्व ताण आसनाच्या बोल्टांवर येतो. नुसत्या पातळ पत्र्यात बसविलेला बोल्ट पत्रा फाडून निघू शकतो. म्हणून आसन वाहनाच्या सांगाड्याशी जोडलेले असावे. पत्र्याखाली जाड पोलादी पट्टी असावी. छिद्र पाडण्यापूर्वी खालील इंधननळी व विजेच्या तारा पाहाव्यात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनात मनास येईल तसा फेरफार करता येत नाही. यास्तव शाळेने वा ग्रामपंचायतीने वाहन ठरविताना नोंदणी प्रमाणपत्रातील आसनसंख्या पडताळावी आणि आसनाखालील जोडणीही वाकून पाहावी.