दोष कोणाचा?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांतील जन्मांध मनुष्याची गोष्ट आपल्या शाळेंतील बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्याला पाहतांच शिष्यांच्या मनांत जो पहिला प्रश्न आला, तो ह्याचे डोळे कसे बरे होतील हा नव्हे. पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें, हा होय. प्रभूनें तो प्रश्न बाजूस सारिला आणि त्या मनुष्यास दृष्टि दिली. त्या गोष्टीस आज दोन हजार वर्षें होत आलीं, तरी आजाऱ्याकडे पाहून पाप शोधण्याची संवय आपणांस सुटलेली नाहीं. अमक्याचें यकृत बिघडलें, त्यास जलोदर झाला, असें कळण्याचा अवकाश, कीं शेजारीपाजारी हळूच विचारतात, "पीत होता काय हो?" ज्यानें जन्मांत मद्यास स्पर्श केला नाहीं, त्याच्या बायकामुलांसहि हा प्रश्न निमूटपणें ऐकून घ्यावा लागतो. ह्या प्रश्नाच्या जागीं दुसरा, अधिक शहाणा प्रश्न कसा आला, आणि तो विचारावयास पैसा कां लागतो, हें आजच्या पाठांत पाहूं.

यकृत हें पोटाच्या वरच्या भागीं, उजव्या फांसळ्यांच्या आड असतें. प्रौढ मनुष्यांत त्याचें वजन सुमारें दीड किलो भरतें. पित्त तयार करणें, साखर सांठवून ठेवणें, रक्तांतील विषारी द्रव्यें निकामी करणें, अशीं अनेक कामें तें मुकाट्यानें करितें. दुखणें जडलें तरी तें वर्षानुवर्षें तक्रार करीत नाहीं, आणि हाच त्याचा मोठा धोका आहे. आंतल्या आंत व्रण पडून तें कठीण होत जातें. ह्या विकारास सिरोसिस म्हणतात. आणि अशा व्रणित यकृतांत पुढें कर्करोग उद्भवण्याची भीति फार असते. ह्याचीं कारणें अनेक आहेत. मद्य हें एक. 'ब' आणि 'क' ह्या प्रकारच्या काविळीचे विषाणु हें दुसरें. आणि स्थूलता व मधुमेह ह्यांच्या संगतीनें यकृतांत सांठणारी चरबी हें तिसरें. म्हणून मद्य निर्दोष ठरलें असें मात्र कोणीं समजूं नये. तें दोषी आहेच. पण तें एकटें दोषी नाहीं.

आतां हे विकार सर्व लोकांस सारखेच होतात काय? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८५ सालीं आरोग्यखात्याच्या मंत्री मार्गारेट हेकलर ह्यांनीं एक अहवाल प्रसिद्ध केला. गोऱ्या लोकांचें मृत्युमान जर अल्पसंख्य समाजांस लाभतें, तर दरसाल सुमारें ६०,००० माणसें मेलीं नसतीं, असा त्याचा हिशेब होता. ह्या जादा मृत्यूंचीं जीं सहा मुख्य कारणें त्यांत सांगितलीं होतीं, त्यांत कर्करोग आणि सिरोसिस हीं दोन्ही होतीं. केवळ हळहळ व्यक्त करून हें प्रकरण मिटलें नाहीं. सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेंत १९९० सालीं ह्या विषयासाठीं एक कचेरी निघाली, २००० सालीं तिचें केंद्र झालें, आणि २०१० सालीं एक स्वतंत्र शाखासंस्था बनली. मध्यंतरीं, १९९३ सालीं, सरकारी पैशानें मनुष्यांवर जें संशोधन होईल त्यांत स्त्रिया व अल्पसंख्य लोक ह्यांचा समावेश असलाच पाहिजे, असा कायदा झाला.

हा पैसा कसा मिळतो तेंहि विद्यार्थ्यांनीं जाणून घ्यावें. संशोधक आपला प्रश्न, तो सोडविण्याची रीत आणि खर्चाचा अंदाज लिहून अर्ज करितो. त्याच विषयांतील दुसरे विद्वान् तो अर्ज तपासून त्यास गुण देतात. त्यानंतर दुसरें मंडळ त्याचा विचार करितें, आणि मग कांहीं वर्षांपुरतें अनुदान मिळतें. नापास होणारे अर्जच पुष्कळ असतात! परीक्षा केवळ शाळेंतच असते, असें समजणाऱ्या मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें.

अशा विचारपूसेचें फळ काय, ह्याचें एक उदाहरण घेऊं. टेक्सस संस्थानांतील डॅलस येथें ह्या शतकाच्या आरंभीं एक मोठी पाहणी झाली. तींत आफ्रिकी वंशाचे नागरिक सुमारें निम्मे असावेत, अशी मुद्दाम योजना होती. दोन हजारांहून अधिक लोकांच्या यकृतांतील चरबी यंत्रानें मोजण्यांत आली. २००४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: प्रमाणाबाहेर चरबी हिस्पॅनिक लोकांत शेंकडा ४५ जणांस, गोऱ्यांत ३३ जणांस, आणि आफ्रिकी वंशीयांत २४ जणांस होती. पण आफ्रिकी वंशीयांत स्थूलता व मधुमेह हीं कांहीं कमी नव्हतीं! मग चरबी कमी कां? ह्या कोड्याचा माग काढीत हेलन हॉब्स, जोनाथन कोहेन आणि त्यांचे सहकारी २००८ सालीं एका जनुकापर्यंत पोंचले. त्याचा एक प्रकार यकृतांत चरबी वाढवितो, आणि तो हिस्पॅनिक लोकांत अधिक आढळतो. दुसरा प्रकार कमी चरबीशीं निगडित असून तो आफ्रिकी वंशीयांत आढळतो. एकाच वर्णाचीं माणसें मोजलीं असतीं, तर हें कोडें पडलेंच नसतें. तथापि सर्व कांहीं रक्तांतच लिहिलेलें असतें असेंहि नाहीं. दवाखाना दूर असणें, औषधाचा खर्च न झेपणें, रोग उशिरां ओळखला जाणें, ह्यांनींहि एकाचें मरण दुसऱ्याच्या आधीं येतें.

ह्याहून जुनें उदाहरण तर फारच बोधप्रद आहे. निरनिराळ्या लोकांस निरनिराळे रोग कां जडतात, एवढाच प्रश्न बॅरूक ब्लंबर्ग ह्यांनीं मनांत धरिला होता. त्याच सरकारी आरोग्य संस्थेंत काम करीत असतां १९६३ सालीं ऑस्ट्रेलियांतील एका आदिवासी मनुष्याच्या रक्तांत त्यांस एक अनोळखी पदार्थ सांपडला. तो 'ब' काविळीच्या विषाणूचा अंश होता, हें पुढें कळलें. १९७६ सालीं ब्लंबर्ग ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें तैवानांत पामर बीझली ह्यांनीं २२,७०७ पुरुषांवर वर्षानुवर्षें नजर ठेविली. १९८१ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं, त्यांपैकीं ४१ जण यकृताच्या कर्करोगानें वारले, आणि त्या ४१ पैकीं ४० जणांच्या रक्तांत हा विषाणु आधींपासूनच होता. १९८४ पासून तैवानांत नवजात बालकांस लस देण्यास आरंभ झाला. दहा वर्षांच्या आंतच तेथील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील ह्या कर्करोगाचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. पाप कोणाचें असें विचारीत बसते, तर तीं मुलें वांचलीं असतीं काय?

म्हणूनच २०२५ सालची बातमी विचार करावयास लावते. त्या वर्षीं अमेरिकेंत अशा विषयांवरील अनेक अनुदानें मध्येंच रद्द झालीं, आणि वर सांगितलेली शाखासंस्थाच बंद करावी, अशी सूचना सरकारच्या अंदाजपत्रकांत आली. सरकारी पैशाचा हिशेब प्रजेनें मागितलाच पाहिजे. परंतु वर्षानुवर्षें चालावयाची पाहणी मध्येंच तुटली, तर अर्ध्या विणलेल्या वस्त्राप्रमाणें ती कोणाच्याच अंगास येत नाहीं. श्रीमंत मनुष्य आपल्या रोगाच्या शोधासाठीं देणगी देऊं शकतो. गरिबाच्या रोगाची चौकशी सार्वजनिक पैशानें झाली नाहीं, तर ती कोणीं करावयाची?

शेवटीं पालकांस एक विनंति. आपल्या देशांतहि 'ब' काविळीची लस सरकारी लसीकरणांत मोफत मिळते. बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आंत तिचा पहिला डोस द्यावा. ह्या रोगासाठीं २८ जुलै २०१८ रोजीं राष्ट्रीय कार्यक्रमहि सुरू झाला आहे, व २८ जुलै हा ब्लंबर्ग ह्यांचा जन्मदिवस. एका ताटांत जेवल्यानें किंवा हातांत हात घेतल्यानें ही कावीळ जडत नाहीं. तेव्हां आपल्या आळींत कोणाचें यकृत बिघडल्याचें कानीं आलें, तर "पीत होता काय?" असें विचारूं नये. "तपासणी झाली काय? घरच्या इतरांची झाली काय?" असें विचारावें. पहिल्या प्रश्नानें आजारी माणूस एकटा पडतो. दुसऱ्यानें कदाचित् त्याचें मूल वांचतें.