मोटारीतून पेट्रोल नेताना

फवारणीचा पंप किंवा गवत कापायचे यंत्र चालविण्यासाठी आपल्यापैकी पुष्कळजण डब्यात पेट्रोल भरून जीपमधून शेतावर नेतात. रॉकेल हाताळण्याची सवय असल्यामुळे पेट्रोलही त्यासारखेच, असा समज होतो. तो चुकीचा आहे. रॉकेलची वाफ पेटण्याइतकी जमण्यास साधारण ३५ अंशांहून अधिक उष्णता लागते. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही पेट घेऊ शकते.

पेटते ती ही वाफ. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने उडून न जाता मोटारीच्या तळाशी साचते. मग विडीची किंवा बटणाची ठिणगीही पुरते. २६ ऑक्टोबर २०२२ रोजी शेजारच्या खरगोन जिल्ह्यात अंजनगावजवळ इंधनाचा टँकर उलटला. लोक जवळ जमले असताना भडका उडाला. काहींचे प्राण गेले, अनेकजण भाजले. सांडलेल्या पेट्रोलपासून दूरच राहावे.

पेट्रोल नेताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. डबा धातूचा व घट्ट बुचाचा असावा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेले पेट्रोल एकूण ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय नेता येते. मात्र धातूचा डबा २५ लिटरांहून मोठा नसावा.

२. भरताना डबा जमिनीवर ठेवावा, गाडीत ठेवून भरू नये. नळीचे टोक डब्याच्या तोंडाला टेकलेले असावे, म्हणजे घर्षणाने साठलेली वीज ठिणगी न पाडता जमिनीत जाते.

३. डबा काठोकाठ भरू नये; दहावा हिस्सा रिकामा ठेवावा. उष्णता २५ अंशांनी वाढली तर २० लिटर पेट्रोल सुमारे अर्धा लिटर फुगते. निमाडच्या उन्हात बंद मोटार किती तापते हे आपण जाणतोच.

४. डबा उभा ठेवून दोरीने बांधावा, काचा उघड्या ठेवाव्यात, गाडीत कोणी विडी ओढू नये. मुलांना बरोबर घेऊ नये. पोहोचताच डबा उतरवून सावलीत, चुलीपासून दूर ठेवावा.

५. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत पेट्रोल कधीही ठेवू नये. तहानलेले मूल ती तोंडाला लावते.

नळीने पेट्रोल तोंडाने ओढण्याची सवयही सोडावी. घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेले तर जीवावर बेतते. कोणी प्यायल्यास त्याला ओकारी करवू नये, तडक दवाखान्यात न्यावे. कपड्यांवर सांडल्यास आगीपासून दूर जाऊन ते उतरवावेत व अंग साबणाने धुवावे.

आग लागलीच तर प्रथम माणसे दूर न्यावीत. पाणी ओतू नये; पेट्रोल पाण्यावर तरंगते व आग पसरते. आग लहान असेल तरच माती किंवा वाळू टाकावी. भाजलेल्या भागावर २० मिनिटे थंड पाणी धरावे. शाई, तूप वा दंतमंजन लावू नये.

आठवड्याच्या कामाला चार लिटर पुरत असतील तर चारच आणावे. घरात साठवलेले जास्तीचे पेट्रोल बचत नव्हे, धोका आहे.