समस्यापूर्ती आणि निर्मितीतील अनिश्चितता

बंगळूरमधील शिवाजीनगर या वस्तीला शिवाजीमहाराजांचे नाव असले, तरी ती वाढली १८०९ नंतरच्या इंग्रजी छावणीबरोबर. भोसले घराण्याचा या शहराशी असलेला वाङ्मयीन संबंध शोधावयाचा, तर केंपेगौडांच्या जुन्या पेठेकडे वळावे लागते. विजापूरच्या सैन्याने १६३८ मध्ये हे ठाणे घेतले आणि ते शहाजीराजांकडे आले. त्यांच्या आश्रयास आलेल्या जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' रचिला. वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये प्रसिद्ध केल्यापासून त्याची चर्चा मुख्यतः इतिहासाचे साधन म्हणून झाली. तथापि निर्मितिप्रक्रियेच्या दृष्टीनेही तो लक्षणीय आहे.

जयरामाने राजापुढे बारा नारळ ठेविले व आपण बारा भाषांत काव्य करू शकतो असे त्यातून सुचविले. पुढे दरबारात समस्या घातल्या जातात, आणि संस्कृताबरोबर देशी भाषांतील रचनाही येतात.

समस्यापूर्तीस केवळ चमत्कृती मानण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सर्वस्वी चुकीची नव्हे. निव्वळ शब्दांची कसरत असलेल्या पूर्ती विपुल आहेत. परंतु या खेळाची घडण नीट पाहावी. बहुधा श्लोकाचा अंत्य चरण दिलेला असतो. वृत्त त्यानेच ठरते. म्हणजे शेवट निश्चित आणि आरंभ अज्ञात! शिवाय दिलेला चरण पुष्कळदा मुद्दाम विसंगत, अशक्य वाटणारा असतो. ज्या प्रसंगात तो चरण स्वाभाविक ठरेल, असा प्रसंग कवीने उरलेल्या तीन चरणांत कल्पावयाचा. नियम येथे कल्पनेला केवळ आवर घालीत नाही. एरवी कवी ज्या वाटेला गेलाच नसता, त्या वाटेला तो तिला लावतो. चरण अगदी सरळ असेल, तर पूर्तीही निर्जीव होते. वृत्ताचे बंधनच नसेल, तर विसंगतीला पेलणारे काही उरत नाही.

शक्ती, निपुणता व अभ्यास ही मम्मटाने काव्याची तीन पृथक् कारणे मानिली नाहीत. तिघांचे मिळून एकच कारण मानिले. प्रतिभा एकीकडे आणि व्युत्पत्ती दुसरीकडे अशी वाटणी करणाऱ्या आधुनिक मराठी समीक्षेला या एकवचनाचा विसर पडलेला दिसतो.

शहाजींच्या दरबारात बहुभाषिकतेमुळे अनिश्चितता आणखी वाढली. पुढचा प्रश्न कोणत्या भाषेत येईल याचा नेम नाही, आणि प्रत्येक भाषेचे छंद व संकेत निराळे. ग्रंथाचे आरंभीचे उल्लास राधामाधवांच्या क्रीडेचे, परंपरेच्या रुळलेल्या वाटेने जाणारे आहेत. दरबार येताच लेखणीला जी धार चढते, तिचे कारण याच अनिश्चिततेत असावे.

एक शंका मात्र राहतेच. आपल्यापुढे आहे तो दरबार नव्हे, दरबाराचे कवीने मागाहून रचिलेले चित्र आहे. उत्स्फूर्त म्हणून सांगितलेली पूर्ती लिहिताना किती घासूनपुसून घेतली असेल, हे ग्रंथ सांगत नाही. आणि ते त्याने सांगावे अशी चंपूकाव्याच्या वाचकाची अपेक्षाही नसे.