जे आहे ते तपास

चि. सोनूस,


‘शस्त्रक्रिया झालेल्या ट्रान्स बाई दवाखान्यात आल्या, तर गर्भाशयच नसताना मी तपासायचं काय?’ हा तुझा मेसेज वाचून मला जरा हसू आलं. गर्भाशय काढलेल्या बायका तू आठवड्याला चार तरी तपासतेस. त्यांच्या बाबतीत हा प्रश्न तुला कधी पडला नाही. शरीरात जे आहे ते तपासायचं आणि जे नाही ते गृहीत धरायचं नाही, एवढंच सूत्र आहे.

आधी रचना डोळ्यांपुढे आण. सगळ्यात जास्त होणारी शस्त्रक्रिया म्हणजे कॅसाब्लांकात डॉ. जॉर्ज बुरू यांनी १९५६ च्या सुमारास सुरू केलेल्या पद्धतीची सुधारित आवृत्ती. शिश्नाची त्वचा आत वळवून योनीमार्ग करतात. पुढे मूत्राशय आणि प्रोस्टेट, मागे गुदाशय, यांच्या मधल्या जागेत तो बसवतात. शिश्नाच्या टोकाचा भाग नसा-रक्तवाहिन्यांसकट राखून क्लिटोरिस होतं, वृषणकोशाच्या त्वचेतून भगोष्ठ, आणि मूत्रमार्ग आखूड केला जातो. प्रोस्टेट मात्र जागच्या जागी ठेवतात, कारण ती काढायला गेलं तर लघवीवरचा ताबा जाण्याचा धोका असतो.

आता तपासणी. हा मार्ग आत बंद असतो, दिशा आपल्या नेहमीच्यापेक्षा मागे झुकलेली असते, आणि त्वचा म्यूकोसासारखी ताणत नाही. म्हणून आधी भरपूर जेली लावून एक बोट, दिशा कळली की मगच लहानात लहान स्पेक्युलम. तोही जड जात असेल तर प्रॉक्टोस्कोप वापर, भिंती त्यातून छान दिसतात. प्रोस्टेट पुढच्या भिंतीतून हाताला लागते, गुदद्वारातून तपासायची गरज सहसा पडत नाही. सर्व्हिक्स नाही म्हणजे पॅप स्मीअरही नाही. उगाच घेऊन लॅबला कोड्यात पाडू नकोस. सोनोग्राफीला पाठवलंस तर चिठ्ठीवर शस्त्रक्रियेचं नाव स्पष्ट लिही, नाहीतर ‘गर्भाशय दिसत नाही’ असा रिपोर्ट येईल आणि रेडिऑलॉजिस्ट तुला फोन करून पन्नास प्रश्न विचारेल, तेही पेशंटसमोर. प्रोस्टेटसाठी वयाप्रमाणे पीएसए करशील, तेव्हा छापील नॉर्मल आकड्यावर विसंबू नकोस. टेस्टोस्टेरॉन कमी असताना १ च्या वरचा आकडासुद्धा लक्ष देण्याजोगा मानतात.

अंगावरून जातंय म्हटलं की आपला हात ठरलेल्या गोळ्यांच्या किटकडे जातो. इथे तो आवर. त्वचेच्या मार्गात आपल्या ओळखीचे लॅक्टोबॅसिलस फारसे नसतात, पीएच तेवढा आम्लधर्मी नसतो. मृत त्वचा, तेलकटपणा आणि साठलेली जेली एवढ्यानेही वास येतो. आत केस आहेत का, लालसर, हात लागताच रक्त येणारं ग्रॅन्युलेशन आहे का, ते बघ. तसं असेल तर सिल्व्हर नायट्रेट लावता येतं. मार्ग मोठ्या आतड्याच्या तुकड्याचा केला असेल तर चिकट स्राव रोजचाच, पण रक्त दिसलं तर ते आतड्याचं दुखणं समजून पुढची तपासणी कर. आणि योनीतून वारा किंवा मळ येतो असं कोणी सांगितलं, तर डायलेटर तिथेच थांबवायला सांग आणि त्याच दिवशी सर्जनशी बोल. तो फिस्टुला असू शकतो.

डायलेटरबद्दल मात्र सावकाश विचार. सर्जन सांगतात, सुरुवातीचे महिने दिवसातून दोन-तीनदा, पुढे कमी करत आठवड्याला एक-दोनदा, तेही कायमचं. कागदावर सोपं आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीत पाच जणी राहतात, दाराला कडी नाही, संडास सार्वजनिक. तिथे अर्धा तास आडवं पडून हे करायचं कुठे? मार्ग अरुंद झाला की आपण ‘केलं नाही का?’ म्हणून दरडावतो. त्याऐवजी ‘कुठे करता, किती वाजता जमतं?’ असं विचार. उत्तरावरून पुढचा उपाय सुचतो.

आणखी एक. तुझ्या गावात येणाऱ्या सगळ्याच जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली नसेल. हिजडा समाजात निर्वाणाची रीत जुनी आहे. पूर्वी ते दाईच्या हातून व्हायचं. त्यात अवयव काढतात, योनीमार्ग करत नाहीत. अशा पेशंटची मुख्य तक्रार बहुतेक वेळा लघवीची असते: धार बारीक, जळजळ, वारंवार इन्फेक्शन. मूत्रमार्गाचं तोंड बघ आणि अरुंद असेल तर यूरॉलॉजिस्टकडे पाठव. चेहऱ्यावर काही उमटू देऊ नकोस. कोणी केलं, का केलं, याची चौकशी उपचाराला लागत नाही. कोणतं ऑपरेशन, कधी झालं, डिस्चार्ज कार्ड आहे का, एवढं पुरे.

हार्मोन विचारायला विसरू नकोस. वृषण काढल्यावर इस्ट्रोजेन बंद झालं की हाडं ठिसूळ होऊ लागतात. उलट, मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनाने दोन-दोन, चार-चार घेणाऱ्याही पुष्कळ आहेत. त्यांत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, बिडी-सिगारेट असेल तर जास्तच. पोटरी सुजते का, धाप लागते का, हे विचार. पन्नाशी उलटली आणि हार्मोनची पाच-दहा वर्षं झाली की मॅमोग्राफी.

कायद्याचंही कानावर घालते. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला; ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या खटल्यात होत्या. २०१९ च्या कायद्यात आरोग्यसेवा नाकारणं हा भेदभाव ठरवला आहे. पण कायद्याच्या धाकाने दार उघडणारी डॉक्टर मला नको, तू तशी नाहीसही.

खरी अडचण तुझ्या खोलीत नाही, बाहेरच्या बाकावर आहे. केसपेपरवर ‘एलएमपी’चा रकाना आहे, तो भरायला सिस्टर सगळ्यांसमोर मोठ्याने विचारते, ‘शेवटची पाळी कधी?’ नाव पुकारताना आधार कार्डावरचं जुनं नाव घेते. तिथूनच पेशंट उठून जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. तेव्हा नाव पेशंट सांगेल ते, अहो-जाहो, आणि पाळीचा प्रश्न आत आल्यावर. हे पत्र सिस्टरलाही वाचायला दे. तपासणीच्या वेळी शेजारी तीच उभी असणार.

तुझी,
मावशी