परसबागेतल्या गोगलगायी : पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

अजिंठा-सिल्लोडचा पट्टा काळ्या मातीचा. झड लागली की परसातली माती दिवसेंदिवस वाळत नाही आणि झेंडूची कोवळी रोपं रातोरात देठापर्यंत फस्त होतात. पानावर चकाकणारा चिकट माग दिसला, की समजा गोगलगाय. शंखाची असो वा बिनशंखाची काळी, उपाय तेच. २०२२च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी उगवतं सोयाबीन खाल्लं आणि अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. घरच्या वाफ्याला मात्र शंभराची नोटही मोडावी लागू नये. (पुढचे भाव अंदाजे आहेत, दुकानागणिक थोडा फरक पडेल.)

पहिलं काम बारदानाचं. घरातलं जुनं पोतं गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला अंथरा. पाव किलो गूळ पंधरा रुपयांत येतो. सकाळी ऊन चढायच्या आत पोतं उलटा. सगळी जमात खाली सापडेल. परभणीच्या कृषी विद्यापीठाने शेतकऱ्यांना सांगितलेला उपायही हाच. गोळा करताना हातमोजे घाला, कारण गोगलगायीतून मेंदूला सूज आणणारा जंत माणसात येऊ शकतो. वेचलेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा मिठाच्या दाट पाण्यात बुडवा आणि नंतर खड्ड्यात चुना टाकून पुरा. माती उकरताना साबुदाण्यासारखी अंडी दिसली तर तीही त्याच खड्ड्यात. शंखी गोगलगाय एका खेपेला शंभरावर अंडी घालते, त्यामुळे हे काम पावसाच्या सुरुवातीलाच केलेलं बरं.

मीठ थेट वाफ्यात मात्र टाकू नका. वीस-पंचवीस रुपयांच्या पुड्याने गोगलगाय मरते, पण काळ्या जमिनीतून ते मीठ लवकर निघत नाही. चुन्याची भुकटी दहा-वीस रुपये किलो. कडेने चार बोटं रुंद पट्टा ओढा. पाऊस पडला की पट्टा गेला, पुन्हा ओढा.

ऑनलाइन मिळणारी तांब्याची पट्टी तीन-चारशे रुपयांची. ती घेऊ नका. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८मध्ये तांब्याची पट्टी, अंड्यांची टरफलं वगैरे उपाय तपासले. गोगलगायींनी झाडं खायची ती खाल्लीच. बिअरच्या वाटीचा सापळा चालतो, पण दीड-दोनशेची बाटली गोगलगायीला कशाला पाजायची?

राहिलं विष. कृषी सेवा केंद्रात मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात. छोटं पाकीट शे-दीडशेपर्यंत. शेतासाठी एकरी दोन किलोची शिफारस आहे, म्हणजे गुंठ्याला ५० ग्रॅम. दोनशे चौरस फुटांच्या बागेला दहा ग्रॅम पुरे. दुकानदार किलोचा डबा पुढे करील, तो परत करा. कुत्र्याने या गोळ्या खाल्ल्या तर झटके येऊन ते मरतं. ब्रिटनने तर २०२२पासून उघड्यावरच्या वापरावर बंदीच घातली. घरात लहान मूल, कोंबड्या किंवा कुत्रं असेल तर पाकीट आणूच नका.

पंधरवडाभर वेचूनही रोपं खाल्ली जात असतील, तर दोन-चार गोगलगायी बरणीत घालून तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दाखवा. तिथल्या सल्ल्याला पैसे पडत नाहीत.