लोहगडानंतरची मोकळी जागा

फाइलचं नाव मराठीत ठेवलं म्हणून लिनक्सचं काही बिघडत नाही. तिरका छेद (/) आणि शून्य बाइट सोडले तर नावात काहीही चालतं. अडतं ते कमांड लाइनवर. तुम्ही टाइप केलेली ओळ आधी शेल वाचतं आणि मोकळी जागा, *, ?, &, कंस, अवतरणचिन्ह यांचा आपल्या परीने अर्थ लावतं. कमांडच्या हाती येतं ते शेलने तोडून-जोडून दिलेलं. (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करायच्या मात्र रोमनमध्येच.)

मळवलीच्या आमच्या भटक्या मंडळींचे फोटो मी सांभाळतो. स्टेशनवर उतरलं की एका अंगाला कार्ले, दुसऱ्या अंगाला भाजे, आणि भाज्यावरून चढत गेलं की गायमुख खिंडीच्या दोन बाजूंना लोहगड आणि विसापूर. 2025 मध्ये लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला आणि आमच्याकडे फोटो येण्याला धरबंद राहिला नाही. नावं ज्याच्या त्याच्या तऱ्हेची: ‘कार्ले & भाजे.जेपीजी’, ‘पावसाळा '24.जेपीजी’, ‘-विसापूर.जेपीजी’.

आमच्यातल्या एका पोराला लोहगडाचे हललेले फोटो काढून टाकायचे होते. सगळ्यांची नावं ‘लोहगड’पासून सुरू होणारी, म्हणून ‘आरएम लोहगड*’ लिहायचं होतं. अंगठा लागला आणि झालं ‘आरएम लोहगड *’. शेलच्या लेखी आता या दोन गोष्टी: लोहगड नावाची एक फाइल, आणि फोल्डरमधली दिसणारी प्रत्येक फाइल. पडद्यावर एकच ओळ आली, लोहगड नावाची फाइल सापडत नाही. पोरगा म्हणाला, “दादा, त्याला तर काहीच सापडलं नाही.” तोवर कार्ल्याचा चैत्य, भाज्याचे स्तूप, लोहगडाचा विंचूकाटा, सगळं साफ झालेलं. टर्मिनलवरून पुसलेलं कचरापेटीत जाऊन थांबत नाही. ज्यांच्या कॅमेऱ्यांच्या कार्डांवर मूळ फोटो होते त्यांचे परत मिळाले. ज्यांनी कार्डं मोकळी केली होती त्यांचे गेले ते गेलेच.

तेव्हापासून * वापरायचा असेल तर आधी ओळीच्या पुढे ‘इको’ लावायचं. ‘इको आरएम लोहगड *’ काही पुसत नाही, शेल कमांडला काय काय देणार आहे ते नुसतं छापतं. यादीत कार्ले दिसलं की हात थांबतो. ‘आरएम -आय’ दर फाइलला विचारतं हे खरं, पण शंभर फाइलींना ‘हो, हो’ म्हणत गेलेला माणूस एकशेएकावीलाही न वाचताच ‘हो’ म्हणतो, त्यामुळे त्याच्यावर माझी भिस्त नाही.

बाकीची चिन्हं एवढी घातकी नाहीत, पण चक्रावून टाकतात. ‘आरएम कार्ले & भाजे.जेपीजी’ लिहिलं तर & पाशी ओळ तुटते: ‘आरएम कार्ले’ मागच्या बाजूला चालू होतं, आणि ‘भाजे.जेपीजी’ ही कमांड कुठे आहे म्हणून शेल शोधत बसतं. कार्ले नावाची वेगळी फाइल तिथे असली तर ती हकनाक जाते. '24 मधलं एकटं अवतरणचिन्ह दिलंत तर पडद्यावर > येतं आणि शेल त्याच्या जोडीदाराची वाट पाहतं. कंट्रोल-सी दाबून बाहेर या. ‘-विसापूर’ला कमांड पर्याय समजते, म्हणून ‘./-विसापूर.जेपीजी’ लिहायचं, किंवा नावाआधी सुटं -- द्यायचं. एरवी नाव एकेरी अवतरणात घाला, नावातच ' असेल तर दुहेरीत. त्याहून सोपं म्हणजे पहिली दोन अक्षरं लिहून टॅब दाबा. लागतील तिथे उलटे छेद शेल स्वतःच घालतं. नावं हाताने पूर्ण टाइप करण्याची हौस मला कधी कळली नाही.

मराठीची खास अडचण ‘ऱ’ची. ‘पायऱ्या’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी, डोळ्यांना अगदी सारखे. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर होतं. दुसऱ्यात र, हलन्त आणि न दिसणारी जोडखूण. कळफलक बदलला की असं होतं. बाइट वेगळे, म्हणून संगणकाला नावंही वेगळी. ‘एलएस’चं उत्तर बाइट दाखवणाऱ्या ‘एक्सएक्सडी’कडे पाठवलं तर दुसऱ्यात ई2 80 8डी ही जोडखूण उघडी पडते. टाइप करून नेमकं तेच नाव पकडता येत नसेल, तर ‘एलएस -आय’ने फाइलचा आयनोड क्रमांक काढा आणि ‘फाइंड . -आयनम’पुढे तो द्या. आधी नुसतं शोधून पाहा, ‘-डिलीट’ नंतर. फोल्डरचं नाव सुधारायचं असेल तर पुसण्याऐवजी ‘-एक्झेक’ लावून ‘एमव्ही’ चालवा. -डिलीट भरलेल्या फोल्डरला हात लावत नाही.

फोटो पाठवणाऱ्यांना आता सांगतो: नाव बिनधास्त मराठीत द्या, फक्त शब्दांमध्ये खालची रेघ घाला, तारीख 2025-07-20 अशी लिहा, आणि & आणि कंस वगळा. वेळ 10:30 अशी घातली तर ती फाइल पेन ड्राइव्हवरच जात नाही, कारण तिथल्या नेहमीच्या फाइल-व्यवस्थांना नावात : चालत नाही. आणि फार लांब नको. लिनक्सच्या सर्वसाधारण डिस्कवर नावाला 255 बाइटची मर्यादा असते. देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार तीन-तीन बाइट खातो. ‘विंचूकाटा’ एवढ्याचेच 27 होतात. ज्यांना सूर्योदयाचं वर्णन करायचंय त्यांनी ते सोबतच्या मजकुरात करावं.