देव बघतोय, तर मग असं का? : द्रौपदीचा प्रश्न

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



सत्संग संपल्यावर चहा घेताना हमखास निघणारा एक विषय आज अभ्यासाला घेऊ. सख्ख्या भावाचा हिस्सा दाबून बसलेल्याचा बंगला उभा राहतो, त्याची मुलं परदेशी जातात. खोटे हिशेब लिहिणाऱ्याला बढती मिळते. आणि नेमाने पोथी वाचणारा, कुणाचा पैसा न बुडवणारा माणूस कोर्टाच्या तारखा मोजत बसतो. मग मनात येतंच, "देव बघतोय ना? मग हे चालू कसं देतो?"

हा प्रश्न पडला म्हणजे आपली श्रद्धा कच्ची, असं समजून घाबरू नका. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदीने हाच प्रश्न विचारलाय, आणि आपल्यापेक्षा कितीतरी कडक शब्दांत.

*द्रौपदी काय म्हणते?*

द्यूतात सगळं गेलं होतं. १२ वर्षं वनवास आणि १ वर्ष अज्ञातवास पदरी आला. पांडव द्वैतवनात राहत होते. सभेत रत्नजडित हस्तिदंती आसनावर बसणारा युधिष्ठिर आता दर्भाच्या आसनावर बसलेला ती बघते आणि तिचा बांध फुटतो. ती म्हणते, धर्म राखणाऱ्याला धर्म राखतो असं मी थोरांकडून ऐकलंय, पण तुम्हाला तो राखताना काही दिसत नाही. लेकरू खेळण्यांशी खेळतं तसा ईश्वर आपल्याशी खेळतोय. केलेलं पाप करणाऱ्याला चिकटत असेल, तर करवून घेणाऱ्या ईश्वरालाही ते चिकटायला हवं. आणि चिकटत नसेल, तर जगात फक्त बळच खरं. मग दुबळ्यांसाठी रडण्यावाचून काय उरलं?

व्यासांनी हे बोलणं ग्रंथातून गाळलं नाही. देवाला जाब विचारणाऱ्या दुःखालाही आपल्या परंपरेत जागा आहे, एवढं इथे आधी लक्षात घेऊ.

*युधिष्ठिराचं उत्तर*

तो आधी म्हणतो की तुझं बोलणं सुंदर आहे, पण नास्तिकाचं आहे. मग आपलं मन उघडं करतो. मी फळ मिळावं म्हणून धर्माने वागत नाही. द्यायला हवं म्हणून देतो, यज्ञ करायला हवा म्हणून करतो. जो धर्माचं दूध काढायला बघतो, तो धर्माचा व्यापारी. कर्माचं फळ केव्हा, कसं, कुठल्या वाटेने येईल हे देवांचं गुपित आहे. ते दिसलं नाही म्हणून धर्मावर शंका घेऊ नकोस.

इथे आपण आपलीच तपासणी करायची. "मी इतके गुरुवार केले, तरी माझंच का?" या वाक्यात व्यापार लपलाय का? आणि वाईट वागणाऱ्याच्या घरी आजारपण आलं की आपण म्हणतो, "बघा, देवाने दाखवलं!" तोही व्यापारच. देवाला आपण आपला वसुली करणारा माणूस करून टाकतो.

*मग गप्प बसायचं का?*

मुळीच नाही. आणि हे सांगते पुन्हा द्रौपदीच. ती म्हणते, मी धर्माची निंदा करत नाही, दुःखाने बोलतेय. पण हातावर हात ठेवून काही मिळत नाही. शेतकरी नांगरतो, पेरतो, मग पावसाची वाट बघतो. पाऊस नाहीच पडला, तर तो दोष शेतकऱ्याचा नव्हे.

ईश्वराच्या सत्तेवर विश्वास म्हणतात तो हाच. पेरणी माझी, पाऊस त्याचा. हिश्शासाठी दावा लावायचा असेल तर जरूर लावा, कागद नीट ठेवा, तारखेला हजर राहा. फक्त खोटा साक्षीदार उभा करू नका. आणि निकाल काही लागो, रात्रीची झोप त्या माणसाच्या विचारात घालवू नका.

पुढे तीर्थयात्रेत युधिष्ठिर स्वतः लोमश ऋषींना विचारतो, अधर्मी लोकांची भरभराट का होते? म्हणजे द्रौपदीला उत्तर देणाऱ्यालाही तो प्रश्न सुटला नव्हता! लोमश सांगतात की अधर्माने माणूस वाढतो, सुख बघतो, शत्रूंना जिंकतोही, पण शेवटी मुळासकट जातो. म्हणजे वाढ होते हे ऋषींनीही नाकारलेलं नाही. तिला आशीर्वाद समजू नका, एवढंच ते सांगतात.

*शेवटची परीक्षा*

युद्ध जिंकल्यावर तरी सगळं गोड झालं का? द्रौपदीचे पाचही पुत्र गेले. आणि स्वर्गात पोचल्यावर युधिष्ठिराला आधी काय दिसलं? वैभवात बसलेला दुर्योधन! त्याचे भाऊ आणि द्रौपदी मात्र नरकात. दूत म्हणाला, परत चला. पण तिथल्या आर्त हाका ऐकून तो थांबला आणि म्हणाला, मी इथेच राहतो, माझ्यामुळे यांना बरं वाटतंय. त्यानंतरच ती माया दूर झाली. फळाचा हिशेब पूर्ण उलटा दिसत असतानाही त्याने आपल्या माणसांची साथ सोडली नाही. वनात तो जे बोलला होता, ते इथे खरं ठरलं.

*या आठवड्याचा अभ्यास*

१. ज्याची भरभराट खुपते, त्याचं नाव मनात आलं की एक माळ जप करा. त्याचं वाईट मागू नका. चांगलं मागवत नसेल, तर नुसतं नाम घ्या.

२. आपल्या हातातली एक पेरणी ठरवा (अर्ज, भेट, स्पष्ट बोलणं) आणि ती पुरी करा.

३. अन्याय सोसणारं कुणी भेटलं तर "तुझं पूर्वकर्म" असं सांगू नका. युधिष्ठिरासारखं जवळ थांबा.

गुरुवारच्या सत्संगात यावर बोलू. प्रश्न असतील तर मोकळेपणाने विचारा, द्रौपदीने विचारले तसे.

श्रीगुरुचरणी अर्पण. जय गुरुदेव 🙏